गोल्फ नसलेले गोल्फ क्लब

आमच्या छत्रपती संभाजीनगरात आमखास नावाचे एक मैदान आहे. तेथे मुले फुटबॉल खेळतात आणि निवडणुका आल्या की सभा होतात. ‘आमखास’ म्हणजे दिवाण-इ-आम आणि दिवाण-इ-खास यांची लोकांच्या जिभेवर झालेली बेरीज. औरंगजेबाचा किल्ले-अर्क जवळच होता, दरबार भरत होता. तो उठला आणि नाव मातीवर राहिले. हे मैदान ज्याने लहानपणापासून पाहिले आहे त्याला, जागेचे नाव आणि जागेचा उपयोग यांचा संबंध असलाच पाहिजे, असे मुळीच वाटत नाही. म्हणूनच की काय, नाशिकला त्र्यंबक रस्त्यालगतचे मोठे मैदान प्रथम पाहिले तेव्हा, त्याला ‘गोल्फ क्लब’ का म्हणतात हा प्रश्न मला पडला नाही. पडला तो पुष्कळ वर्षांनी, आणि तोही एका वेगळ्याच माणसाच्या निमित्ताने. त्या माणसाकडे येण्यापूर्वी खेळाकडे वळले पाहिजे.

गोल्फ हा उतरणीला लागलेला खेळ आहे, असे गेली वीसेक वर्षे पाश्चात्त्य देशांत वारंवार लिहिले गेले. त्याला आधारही होता. अमेरिकेत या शतकाच्या आरंभी हौसेने गोल्फ खेळणाऱ्यांची संख्या तीन कोटींच्या घरात गेली होती, ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अडीच कोटींच्या खाली उतरली. नवी मैदाने उघडण्यापेक्षा जुनी बंद पडण्याचा वेग वाढला. २०१६ मध्ये नायकीने गोल्फचे दांडे आणि चेंडू बनवणे थांबवले. कारणे सांगितली गेली ती सर्वांना पटण्यासारखी होती. अठरा गलींचा एक डाव खेळायला चार-साडेचार तास लागतात, आणि सुट्टीचा अर्धा दिवस घराबाहेर काढण्याची मुभा आता बापाला उरलेली नाही. खर्च अफाट, आणि क्लबांची दारे इतकी जड, की सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा निर्णय घेतला तो २०१४ मध्ये. पुढे २०२० च्या महामारीत एक गंमत झाली. बंद खोल्यांतून सुटलेली माणसे मोकळ्या हवेतला, एकमेकांपासून दूर उभे राहून खेळता येणारा खेळ शोधू लागली, आणि गोल्फ पुन्हा वर आला. अमेरिकेतला आकडा पुन्हा अडीच कोटींच्या पलीकडे गेला. म्हणजे ऱ्हासाचे मृत्युलेख जरा घाईने लिहिले गेले होते.

खरे तर या खेळाच्या बाबतीत ऱ्हासाची भाषा जुनीच आहे, फक्त सुरुवातीला ती तक्रारीची नव्हती, अपेक्षेची होती. गोल्फचा पहिला लेखी उल्लेख सापडतो तो १४५७ सालच्या स्कॉटलंडच्या पार्लमेंटच्या ठरावात, आणि तो ठराव बंदीचा आहे. लोक फुटबॉल आणि गोल्फ खेळत बसतात, त्यामुळे धनुर्विद्येचा सराव मागे पडतो, तेव्हा हे खेळ बंद व्हावेत, असा राजाचा हुकूम. पुढे १४७१ आणि १४९१ मध्ये तो पुन्हा काढावा लागला, यावरूनच तो किती पाळला गेला ते कळते. खेळ हुकुमाने मरत नाहीत. ते मरतात ते त्यांच्याभोवतीची माणसे, जमीन आणि फुरसत यांची घडी विस्कटली म्हणजे.

आणि ही घडी आपल्याकडेही होती. गोल्फ ब्रिटिश बेटांबाहेर प्रथम रुजला तो हिंदुस्थानात. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. सेंट अँड्र्यूजचे नाव जगभर झाले त्याच्या आधीची ही गोष्ट आहे. इतकेच काय, हा खेळ स्वस्त झाला तोही आशियातल्या एका झाडामुळे. पूर्वी चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून चेंडू करीत, तो महाग पडे आणि ओला झाला की फुटे. १८४८ च्या सुमारास मलायातील गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचा चेंडू आला, आणि स्कॉटलंडमधला कारागीरही गोल्फ खेळू लागला. साम्राज्याच्या एका टोकाचा चीक दुसऱ्या टोकाच्या माणसाची करमणूक कशी घडवतो, याचे इतके छोटे आणि नेमके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

मुंबईत मात्र गोऱ्यांच्या खेळाला जमिनीची भांडणे चिकटली. एस्प्लनेडवर एका बाजूला पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत, दुसऱ्या बाजूला साहेबांचा पोलो चाले. घोड्यांच्या टापांनी क्रिकेटची जमीन उखडली जाते, अशी तक्रार घेऊन ‘नेटिव्ह’ क्रिकेटपटू १८८० च्या दशकात सरकारकडे अर्जांवर अर्ज करीत राहिले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये या झगड्याची हकिकतच पुस्तकरूपाने लिहून ठेवली. रामचंद्र गुहा यांनी आपल्या क्रिकेटच्या इतिहासात तिला पुन्हा उजाळा दिला आहे. मला त्या हकिकतीत क्रिकेटपेक्षा दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटते. मोकळी जमीन कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे प्रथम उभा राहिला तो शेतात नव्हे, सभेत नव्हे, तर खेळाच्या मैदानावर. काही शे माणसांना खेळायला मिळावे म्हणून अर्ज करावा लागतो आणि डझनभर माणसांना तीच जमीन न मागता मिळते, हे तेथे उघड्या डोळ्यांना दिसत होते.

नाशिकचे प्रकरण याच साखळीतले. थळ घाटातला रेल्वेमार्ग १८६५ मध्ये पुरा झाला आणि मुंबईच्या युरोपियनांना नाशिकची कोरडी थंड हवा सोयीची झाली. देवळालीची छावणी होतीच. येथे रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब उभा राहिला. ‘रॉयल’ ही पदवी कोणत्याही क्लबाला सहज मिळत नसे; पश्चिम हिंदुस्थानातल्या या आडगावी क्लबाला ती होती, म्हणजे त्याचा त्या काळचा मान ओळखावा. आज टीव्हीवर दिसतात तशी हिरवी मखमल मात्र तेव्हा कल्पू नये. पाण्याअभावी हिंदुस्थानातल्या कित्येक जुन्या क्लबांत गलीभोवती हिरवळ नसे, तेल मिसळून दाबलेली रेती असे, आणि ‘ग्रीन’ऐवजी तिला ‘ब्राउन’ म्हणत. माळावरचा खेळ होता तो. कुसळे, खडे, गुरांच्या वाटा, आणि चेंडू शोधून आणणारी पोरे.

ही पोरे फार महत्त्वाची. हिंदुस्थानी माणसाचा गोल्फशी पहिला संबंध खेळाडू म्हणून आला नाही, तर चेंडू उचलणारा म्हणून आला. पुढे त्याच वाटेने काही जण वर गेले. दिल्लीत दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारा अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय ठरला. कलकत्त्याच्या क्लबात गवत राखणाऱ्याचा मुलगा चौरसिया २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकून गेला. पण हे स्वातंत्र्यानंतरचे. १९०९ सालच्या नाशिकमध्ये चेंडू उचलणाऱ्याचे काम चेंडू उचलण्यापुरतेच होते.

आता त्या वेगळ्या माणसाकडे येतो. अनंत लक्ष्मण कान्हेरे याचे नाव नाशिकशी इतके जोडले गेले आहे, की तो आमच्या गावचा विद्यार्थी होता हे आमच्याही लक्षात राहत नाही. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा. प्राथमिक शिक्षण निजामाबादेस, तेव्हाच्या इंदुरास, आणि इंग्रजी शिक्षण औरंगाबादेस. येथे तो गंगाराम रूपचंद श्रॉफ यांच्या घरी राहत असे. औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. इंग्रजी हद्दीतल्या पोलिसाची नजर येथे तितकी थेट पडत नसे. मनमाडकडे जाणारा रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला होता, येवले आणि नाशिक जवळ आले होते, आणि त्याबरोबर तिकडची गुप्त मंडळीही. गंगाराम आणि अनंत यांच्या स्नेहावर अनंताने ‘मित्रप्रेम’ नावाची कादंबरी लिहिली होती असे सांगितले जाते. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पिस्तुलाच्या आधी कादंबरीकडे वळतो, हे आपल्या वाङ्मयेतिहासांत कोठे तरी एका ओळीत यायला हवे होते. त्या काळच्या तरुणाला मैत्री, देश आणि गद्यलेखन या तीन गोष्टी वेगवेगळ्या वाटत नसाव्यात.

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या ‘शारदा’चा प्रयोग होता. कलेक्टर आर्थर जॅक्सन यांची बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपासाठी तो ठेवला होता. नाटकाला आलेल्या जॅक्सनवर कान्हेऱ्याने गोळ्या झाडल्या. लंडनहून चतुर्भुज अमीन याच्या सामानातून जी वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात आली, त्यांतले एक येथे वापरले गेले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी दिले गेले. हा इतिहास शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. जॅक्सनवरचा रोष का होता, याचे मुख्य कारणही ठाऊक आहे. कवी गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ च्या जूनमध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली, आणि त्या खटल्याची सुरुवात जॅक्सनच्या हातून झाली होती. कविता छापल्याबद्दल काळे पाणी. साहित्याच्या विद्यार्थ्याने एवढ्यावरच थांबून क्षणभर विचार करावा.

परंतु कान्हेऱ्याविषयीच्या मराठी लेखनात याच्या जोडीने आणखी एक हकिकत येते. विल्यम नावाच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने गोल्फच्या चेंडूवरून चिडून एका हिंदी माणसाला मारले, तो माणूस दगावला, आणि जॅक्सनने त्या अधिकाऱ्याला पाठीशी घातले, अशी ती हकिकत. सांगणाऱ्यागणिक तिचे तपशील हलतात. इतिहासलेखनाच्या तराजूत बाबारावांच्या खटल्याच्या कागदांपुढे ती हलकीच पडणार. तरीही ती टिकली आहे, आणि तिच्या टिकण्याला अर्थ आहे. कायद्याची कलमे लोकांच्या आठवणीत राहत नाहीत, चेंडू राहतो. साहेबाने माळावर मारलेला एक पांढरा चेंडू, आणि त्याला हात लागला म्हणून गेलेला जीव. साम्राज्य म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायचे तर याहून सोपे चित्र मिळणार नाही. कथा खरी किती यापेक्षा ती कशासाठी सांगितली गेली हे पाहणे कधी कधी अधिक फलदायी असते, आणि मला ती त्या मैदानाच्या मालकीविषयी सांगितलेली कथा वाटते.

याच्या पलीकडची एक बाब न सांगणे अप्रामाणिक होईल. जॅक्सन हा केवळ करडा कलेक्टर नव्हता. संस्कृतचा त्याचा अभ्यास एवढा होता की लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. भगवानलाल इंद्रजींनी अपुरा सोडलेला गुजरातचा प्राचीन इतिहास मुंबई गॅझेटियरसाठी त्याने पुरा केला. कोकण आणि गुजरातमधल्या लोकसमजुती, व्रते, भुतेखेते यांविषयी त्याने गोळा केलेले साहित्य त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेनने दोन भागांत संपादित करून प्रसिद्ध केले. आपल्याकडे लोकसाहित्याचा अभ्यास करणारे आजही ते उघडतात. म्हणजे कोकणातल्या देवचारांची आणि झाडांवरच्या मुंज्यांची टिपणे जमवणारा माणूस कोकणातल्याच एका मुलाच्या गोळीने गेला. ही दोन सत्ये एकमेकांना खोडत नाहीत. लोकांच्या समजुतींवर मनापासून प्रेम करणारा अधिकारी त्याच लोकांच्या कवितेला राजद्रोह ठरवू शकतो, आणि दोन्ही कामे तो एकाच टेबलाशी बसून करीत असतो.

इंग्रज गेले आणि नाशिकच्या त्या माळावरून गोल्फही उठला. येथे ऱ्हासाला सुट्टीच्या दिवसाची किंवा सभासद-वर्गणीची कारणे शोधावी लागत नाहीत. खेळणारेच बोटीत बसून गेले. त्यांच्या जागी जे हिंदी अधिकारी आणि व्यापारी आले त्यांतल्या काहींनी मुंबई-पुण्यात हा खेळ उचलला. पण शहर वाढत असताना त्याच्या मधोमध एवढी जमीन मूठभरांसाठी राखणे लोकशाहीत अवघड होते. अठरा गलींच्या मैदानाला साधारण सव्वाशे ते दीडशे एकर जागा लागते. आमच्या मराठवाड्यातल्या वाचकासाठी हिशेब असा मांडता येईल, की महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यात कोरडवाहू शेतीची एका कुटुंबाची मर्यादा ५४ एकर आहे. म्हणजे दोन सधन कुटुंबांना मिळून जेवढी जमीन ठेवता येणार नाही, तेवढ्यात एक चेंडू फिरतो. आणि पाणी वेगळेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि त्याच महिन्यात मैदानांवर पाणी उधळले जाते म्हणून उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. क्रिकेटच्या बावीस यार्डांपायी ही वेळ. गोल्फची हिरवळ मराठवाड्यात लोकप्रिय का झाली नाही, हा प्रश्न विचारण्याचेही कारण नाही.

नाशिकच्या मैदानाला पुढे हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव देण्यात आले. तेथे रणजी करंडकाचे सामने होतात; २०२५ च्या जानेवारीतही महाराष्ट्राचा संघ तेथे बडोद्याशी खेळला. सकाळ-संध्याकाळ कडेच्या वाटेवर माणसे फेऱ्या मारतात. मोठमोठ्या राजकीय सभा होतात. शापूरजी सोराबजींनी ज्यासाठी अर्ज खरडले ते सर्व येथे न मागता मिळाले आहे, असेही म्हणता येईल. आणि तरीही नाशिककर म्हणतात, ‘गोल्फ क्लबवर सभा आहे.’ ज्या खेळाचा दांडा त्यांच्या आजोबांनीही हातात धरला नाही, त्याचे नाव त्यांच्या तोंडी पक्के बसले आहे. आणि ज्याने प्राण दिले त्याचे नाव फलकावर आणि वर्तमानपत्रात आहे. याचा राग यावा असे कोणाला वाटेल. मला स्वतःला तो येत नाही, कारण असे सर्वत्र झालेले आहे.

लंडनमधला पॅल मॅल हा रस्ता घ्या. सतराव्या शतकात तेथे लाकडी हातोड्याने चेंडू मारण्याचा त्याच नावाचा खेळ चाले. खेळ केव्हाच विस्मरणात गेला, रस्ता क्लबांच्या इमारतींनी भरला. आपल्याकडे याहून ठळक उदाहरण चौगानचे. घोड्यावरून खेळण्याच्या या खेळात कुत्बुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला पडून मेला. अकबर अंधाऱ्या रात्री तो खेळे, आणि त्यासाठी पळसाच्या लाकडाचे चेंडू पेटवून वापरीत, कारण ते हलके असते आणि सावकाश जळते, असे अबुल फजलने लिहून ठेवले आहे. तो खेळ आज त्या रूपात राहिला नाही. पण चंबा शहराच्या मध्यावरच्या हिरव्या मैदानाला अजून चौगानच म्हणतात, आणि तेथे मिंजरची जत्रा भरते. जत्रेतल्या माणसाला घोडे आठवत नाहीत. हिंदीत ‘चौगान’चा अर्थच पुढे मैदान असा होऊन बसला. ‘जिमखाना’ या शब्दाचे मराठीत काय झाले ते पुणेकरांना सांगायला नको. तेथे तो वस्तीचा पत्ता आहे.

खेळ शब्दांत उरतात, हे आपल्या जुन्या वाङ्मयातही दिसते. तुकारामांच्या गाथ्यात विटीदांडू, चेंडूफळी, हुतुतू, हमामा अशा खेळांवर अभंग आहेत. त्यांतले विटीदांडू आणि हुतुतू समजावे लागत नाहीत. चेंडूफळीपाशी मात्र वर्गातला विद्यार्थी थांबतो, आणि शिक्षकालाही फळी कशी धरीत, डाव कसा ठरे, हे सांगताना अंदाज करावा लागतो. अभंगाचा अर्थ लागतो, रूपक कळते. हातातली फळी हरवलेली असते. मराठीत गोल्फ आला तो असाही नाही. तो आला वुडहाऊसच्या पुस्तकांतून. १९२२ आणि १९२६ मधले त्याचे गोल्फकथांचे संग्रह आमच्या आधीच्या पिढीने खळखळून हसत वाचले, आणि त्यातला एकही फटका त्यांनी प्रत्यक्षात पाहिलेला नव्हता. ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या जवळ पोचली तेव्हा याचीच पुनरावृत्ती झाली. ‘बर्डी’ आणि ‘बोगी’ म्हणजे काय ते शेजाऱ्याला विचारत माणसे टीव्हीपुढे बसली होती. ती चौथी आली. खेळ पुन्हा दृष्टीआड झाला.

आमच्या गावाला स्वतःचेच नाव बदललेले पाहण्याचा अनुभव आहे. २०२३ पासून कागदावर छत्रपती संभाजीनगर. बोलण्यात कोणाच्या तोंडी काय येते ते वयावर, मोहल्ल्यावर आणि समोरच्या माणसावर ठरते. त्याच्याही आधी मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी होती. म्हणून नाशिकच्या मैदानाची दोन नावे मला परकी वाटत नाहीत. फक्त त्यांच्यातले अंतर मोजताना एक तपशील मध्ये येतो. फलकावरचे नाव ज्याचे आहे तो मुलगा आमच्या गल्ल्यांतून शाळेत गेला, येथून मनमाडच्या गाडीने निघाला, आणि नाशिकला ज्या कलेक्टरसमोर जाऊन उभा राहिला त्याच्या अमदानीत त्या माळावर गोऱ्यांचा क्लब होता. दोन्ही नावे एकाच दशकातली आहेत. एक खेळणाऱ्यांचे, एक त्या खेळाबाहेर ठेवलेल्यांपैकी एकाचे.

मागच्या हिवाळ्यात नाशिकला गेलो असताना रिक्षावाल्याला मुद्दाम ‘अनंत कान्हेरे मैदान’ असे सांगितले. त्याने मान हलवली, रिक्षा वळवली, आणि वाटेत फोनवर कोणाला तरी म्हणाला, ‘एक सवारी गोल्फ क्लबला सोडतो आणि येतो.’